आईनं आखलेले गोल

सरावाच्या परीक्षेत कुणी कॉपी करतं का? करतं. मी केली, आणि एकदा नव्हे, दिवाळीनंतर जवळजवळ प्रत्येक रविवारी केली. खऱ्या परीक्षेत कॉपी करणाऱ्याच्या पदरात निदान काहीतरी पडतं. सरावात कॉपी करणाऱ्याइतका मूर्ख माणूस शोधून सापडायचा नाही. आणि तो मूर्खपणा मी इतकं मन लावून केला, की तेवढंच मन फिजिक्सला लावलं असतं तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

आमचं गाव पाटण तालुक्यात, डोंगराच्या अंगाला. पप्पा वीज मंडळात वायरमन. आई गावच्या अंगणवाडीची सेविका. एकोणीस वर्षं ती त्याच खोलीत पोरांची वजनं करत होती, खिचडी वाढत होती, वह्या भरत होती, आणि अलीकडे मोबाईलवर माहिती भरता भरता मेटाकुटीला येत होती. गावात तिला नावानं कुणी हाक मारत नसे. लहानथोर सगळे 'बाई' म्हणायचे. मीसुद्धा तीन वर्षांची असताना तिथंच बसले, आणि सकाळी दहा ते दोन तिला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, हे तिनं मला दोन चापट्या देऊन शिकवलं होतं.

मला डॉक्टर करायचं हे कुणी कधी ठरवलं, आठवत नाही. दहावीला नव्वदच्या वर मार्क पडले की आमच्याकडे पोरगी आपोआप डॉक्टर व्हायला लागते. अकरावी-बारावी सांगलीत होस्टेलला राहून केली. बारावीच्या वर्षी मेसचं खाऊन कावीळ झाली, मार्च महिना सलाईन घेण्यात गेला आणि नीटच्या परीक्षेत जे व्हायचं ते झालं. मग घरात ठरलं की अजून एक वर्ष द्यायचं. क्लासच्या भाषेत अशा मुलांना रिपीटर म्हणतात. या खेपेला मेस नको, आई बरोबर येणार.

विश्रामबागेत क्लासच्या मागच्या गल्ल्यांमध्ये अशा आया पुष्कळ आहेत. फलटणच्या, जतच्या, पाटणच्या. नवरे गावाकडे हातानं भाकरी थापतात आणि बायका इथं एका खोलीत पोरांसाठी वेळेवर डबे करतात. आई बिनपगारी रजा टाकून जूनमध्ये आली. अंगणवाडी तेवढ्यापुरती मदतनीस बघणार होती. आमची घरमालकीण जैन बाई होती, प्रेमळ आणि शिस्तीची. अंडं-मटण बंद, आणि दिवस मावळायच्या आत तिचं स्वतःचं जेवण उरकलेलं असायचं. रोज साडेपाचला ती जिन्यातून विचारायची, "जेवलासा काय ओ ताई?" आई हसून सांगायची, "आमचा अजून भात शिजायचाय." दोन महिन्यांत आईनं गल्लीतली चार लहान पोरं गोळा करून पायरीवर बसवली होती आणि त्यांना गाणी शिकवत होती. तिच्याच्यानं राहवत नसे.

क्लासची रीत अशी होती. रविवारी दुपारी दोन ते पाच सरावाचा पेपर. एकशे ऐंशी प्रश्न, सातशेवीस मार्क, बरोबर आलं तर चार आणि चुकलं तर एक वजा. उत्तरपत्रिकेवर नुसते गोल, ते काळ्या पेनानं भरायचे, मशीन तपासणार. संध्याकाळी सातच्या आत मार्कांचा मेसेज वडिलांच्या मोबाईलवर. महिन्याच्या शेवटी त्या मार्कांवरून बॅच बदलायची आणि यादी फाटकाला लागायची. तळमजल्यावर पहिली बॅच, एसी आणि क्लासच्या मालकाचं स्वतःचं शिकवणं. पहिल्या मजल्यावर दुसरी. आणि गच्चीवर पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही. क्लासची पोरं आम्हाला 'वरचे' म्हणत. एवढा मान आम्हाला दुसरीकडे कुठं नव्हता.

खरं सांगायचं तर मला गच्चीवर बरं चाललं होतं. तिथं फिजिक्सला एक म्हातारे सर होते. ते आठवीपासून सुरुवात करायचे. लाज वाटेल असे प्रश्न विचारले तरी हसायचे नाहीत. माझे मार्क दोनशे चाळीस, दोनशे बासष्ट, दोनशे एक्याऐंशी असे मुंगीच्या पावलानं वाढत होते. पण पप्पांना मुंगी दिसायची नाही, आकडा दिसायचा. दर रविवारी सातला त्यांचा फोन. "दोनशे एक्याऐंशी म्हंजी किती टक्के गं?" मी सांगायची. मग ते गप्प. नंतर, "बरं बरं. तब्येत सांबाळ. आईला दे." ते रागावले असते तर मी भांडले असते. त्या गप्प बसण्याशी कसं भांडणार?

दिवाळीला आम्ही साताऱ्याला मावशीकडे गेलो. मावसबहीण माझ्याच वयाची, तीही रिपीटर, त्याच क्लासच्या साताऱ्याच्या शाखेत. मोजकेच सर, ते दोन्हीकडे धावायचे, म्हणून सरावाचा पेपर साताऱ्यात शनिवारी व्हायचा आणि सांगलीत रविवारी. पेपर तोच. प्रश्नपत्रिका घरी न्यायला मिळायची. एखादा पोरगा सरावाचा पेपर फोडेल, हे त्या बिचाऱ्यांच्या डोक्यातच आलं नसेल. माझ्याही आलं नव्हतं. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी तिनं एका गणिताचा फोटो पाठवला, "हे तुला येतंय का बघ." मला आलं नाही, दोघींनी फोनवर अर्धा तास झटून सोडवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पेपर उघडला तर तेच गणित समोर.

मी गोल भरला. हात थरथरत होता असं लिहायला पाहिजे, पण नव्हता. चार मार्क मिळाले म्हणून बरं वाटलं, एवढंच. पुढच्या शनिवारी मीच तिला म्हटलं, सगळा पेपर पाठव, कुठल्या धड्यांवर आहे तेवढं बघते. त्याच्या पुढच्या शनिवारी तेवढंही कारण दिलं नाही.

पहिल्यांदा चारशे बारा पडले त्या रविवारी पप्पांचा फोन सातला नाही, पावणेसातला आला. मागं माणसांचे आवाज. ते ऑफिसातच कुणाकुणाला मेसेज दाखवत होते. "चारशे बारा! आगं, लय भारी! काय केलंस गं ह्या खेपेला?" मी म्हटलं, "जरा मन लावून केलं." आईनं लगेच शिरा केला. मी तो खाल्ला, दोनदा घेतला. लाज मागून येते, आधी भूक लागते.

त्यापुढं एकदम वाढवायचे नाहीत, एवढी अक्कल मला होती. शनिवारी संध्याकाळी पेपर यायचा, आणि त्यातले कोणते प्रश्न बरोबर करायचे नि कोणते चुकवायचे हे मी ठरवत बसायची. पेपरचे चार संच असायचे, प्रश्नांचा क्रम वेगळा, त्यामुळे नंबर पाठ करून भागत नसे, प्रश्नाचे पहिले शब्द आणि उत्तर पाठ करावं लागे. म्हणजे मी चुका पाठ करत होते, आणि उत्तरंही, फक्त अभ्यास सोडून सगळं. आणि ते चाललेलं असताना आई दाराबाहेर पायरीवर बसून राखण करायची. गल्लीतल्या पोरांना हाकलायची, "आज न्हाई रं, ताईचा उद्या पेपर हाय." कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून भात पातेल्यात करायची. मला मोबाईलवर डोकं घालून बसलेलं बघून तिला वाटायचं, पोरगी जीव काढतेय. ती मधूनच आत येऊन माझ्या मानेला तेल लावून जायची. त्या तेलाचा मला राग यायचा.

डिसेंबरअखेर यादीत माझं नाव पहिल्या बॅचला लागलं. आईनं फाटकाशी उभं राहून त्या यादीचा फोटो काढला आणि गावाकडे पाठवला. मी तळमजल्यावर गेले, आणि आगीतून फुफाट्यात पडले. तिथं सर फळ्यावर अर्ध्यातून सुरुवात करायचे. "हे तर तुम्हाला येतंच," म्हणून चार पायऱ्या गाळायचे. सगळे माना डोलवायचे, मीही डोलवायची. दोन आठवड्यांत मला वहीत काय उतरवतेय तेही कळेनासं झालं. एकदा धीर करून गच्चीवर गेले, म्हाताऱ्या सरांच्या तासाला मागं बसले. त्यांनी ओळखलं, खुशीत म्हणाले, "तू आता खाली गेलीस ना? शाब्बास. मग इथं नको बसूस, दुसऱ्या कुणाची तरी जागा अडते." सगळी 'वरची' पोरं माझ्याकडे कौतुकानं बघत होती. मी जिना उतरले. त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वच्छ कळलं की माझा अभ्यास संपला आहे. परीक्षेला चार महिने होते, पण संपला आहे.

मावसबहीण साधी. तिचे स्वतःचे मार्क साडेचारशेच्या आसपास, खरे. जानेवारीत एकदा ती फोनवर म्हणाली, "बास कर आता. मेमधला पेपर तुला कोण पाठवणार आहे, सांग?" मी तिच्याशी भांडले. तुझ्या पोटात दुखतंय म्हणाले. ती रडली, आणि पुढच्या शनिवारी तिनं पेपर पाठवला.

आणि जानेवारीतच ते झालं, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे.

आईला सुपरवायझर मॅडमचा फोन आला. रजा फार झाली, महिनाअखेर हजर व्हा, नाहीतर राजीनामा द्या, गावातली दुसरी बाई नेमायची आहे. पप्पांचं मत सरळ होतं. "तू ये निगून. पोरीला चांगल्या मेसला लावू. एकोनीस वरसं काडलीस, थोडी ऱ्हायलीत." आईचं ठरत नव्हतं. माझी कावीळ तिनं पाहिली होती. दोन दिवस ती नुसती भांडी घासत राहिली, घासलेली परत घासत राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी क्लासवरून आले तर ती खोलीच्या मधोमध चटईवर बसलेली. समोर कोरा कागद आणि पेन. तिनं मला बसवून घेतलं.

"मला एक खरं सांग," ती म्हणाली. "मी रागवायची न्हाई. तुला काय वाटतंय, लागंल का न्हाई लागंल नंबर?"

मी दप्तर उतरवून मांडीवर घेतलं.

"लागायचा आसंल तर मी हतंच ऱ्हाते. ती नोकरी गेली तर गेली. पर तुजं मन जर सांगत आसंल की न्हाई जमायचं, तर आताच बोल. मी तितं जाते, तू हतं जमंल तसं कर. डाक्टर न्हाई तर न्हाई, दुसरं कायतरी हुशील. पर मला खरं सांग बाळा, मला कागद लिवायचाय."

मागच्या रविवारी मला पाचशे चौऱ्याण्णव पडले होते. तो आकडा तिच्या डोक्यात होता, माझ्याही होता. मी तेव्हा काय विचार केला हे मी स्वतःला शंभरदा विचारलंय. ती गेली तर मला परत मेस, परत ती होस्टेलची खोली, हे एक. खरं सांगितलं तर पप्पांचं ऑफिस, मावशी, गाव, घरमालकीण, सगळ्यांसमोर उघडं पडायचं, हे दुसरं. आणि तिसरं मला सर्वांत जास्त छळतं. इतके आठवडे तो आकडा बघून बघून माझा त्याच्यावर थोडासा विश्वास बसायला लागला होता. वाटायचं, उत्तरं पाठ करता करता काहीतरी डोक्यात शिरलंच असेल. एवढं सगळं खोटं कसं असेल?

"लागंल गं आई," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि कागद ओढून लिहायला घेतलं. तिचं अक्षर फार सुंदर आहे, अंगणवाडीच्या भिंतीवरचे सगळे तक्ते तिच्याच हातचे. एक ओळ लिहिली की थांबायची. मी शेजारी बसून केमिस्ट्रीचं पुस्तक उघडून धरलं होतं.

एप्रिलमध्ये क्लासनं ठरवलं की शेवटचा पेपर दोन्ही शाखांत एकाच दिवशी, एकाच वेळी घ्यायचा. खऱ्या परीक्षेसारखा. गळ्यातलं-कानातलं काढून, साध्या चपला घालून, तपासणी करून आत सोडणार. मला हे आदल्या शनिवारी कळलं. त्या रविवारी मी तीन तास बसले आणि तीनशे दोन मार्क घेऊन बाहेर आले. खरं सांगायचं तर ते माझे पहिले खरे मार्क होते, गच्चीवरचे सोडले तर, आणि गच्चीवरच्यापेक्षा फार नव्हते.

पप्पांचा फोन आला. "आकडा चुकलाय काय गं? तीनशे दोन आलंय हतं."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ओळ चुकली पप्पा. मधला एक प्रश्न सोडला, पण त्याचे गोल कोरे सोडायचे राहिले. पुढचे सगळे एकेक घर सरकले."

असं होतं. खरंच होतं, क्लासमध्ये दोघातिघांचं झालेलं मी पाहिलं होतं. म्हणून तर ते खोटं इतकं सहज निघालं. पप्पांचा जीव भांड्यात पडला. आईचा मात्र नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला घेऊन क्लासच्या ऑफिसात गेली. नेसून आली होती ती अंगणवाडीच्या मीटिंगला नेसायची ती साडी. क्लासच्या मालक-सरांपुढे हात जोडून म्हणाली, "सर, हिची ओळ चुकलीया. तेवडं बगून घ्या, मंजी हिच्या मनाला बरं वाटंल."

सरांनी माझी उत्तरपत्रिका काढली, उत्तरांची यादी शेजारी धरली आणि पेनाच्या टोकानं खाली खाली गेले. पहिल्या वीस प्रश्नांतच सात चुकले होते. तिथं कुठली ओळ चुकायची? सर थांबले. माझ्याकडे बघितलं. मग कॉम्प्युटरवर माझे जुने मार्क काढले आणि ते बघत राहिले.

आई म्हणाली, "बगा की सर. जानेवारीपास्नं साडेपाचशेच्या खाली कवा आलीय का ती?"

"तेच बघतोय," सर म्हणाले.

त्यांना कळलं होतं. शपथेवर सांगते, त्यांना कळलं होतं. एका शब्दानं त्यांना सगळं सांगता आलं असतं. पण पहिल्या बॅचची मुलगी, शेवटचा महिना, बाहेर नव्या वर्षाच्या प्रवेशासाठी पालक बसलेले. त्यांनी कागद फाईलला लावला. "होतं असं ताई. झोप नीट होऊ द्या तिची." झाकली मूठ सव्वा लाखाची. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "किती चांगला मानूस."

त्याच दुपारी ती दुकानातून कोऱ्या कागदांची चळत घेऊन आली. पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसली, आणि एका बाटलीच्या बारक्या टोपणाभोवती पेन्सिल फिरवून गोल काढायला लागली. एका ओळीत चार, डाव्या बाजूला नंबर, एक ते एकशे ऐंशी. एक संच काढायला तिला सकाळचा स्वयंपाक उरकल्यापासून दुपार उलटेपर्यंत वेळ लागायचा. जाड पुठ्ठ्याची एक पट्टी तिनं कापली, ओळीखाली ठेवायला, म्हणजे नजर हलणार नाही.

"गोळ्यात रंग भराय मी एकोनीस वरसं शिकीवलंय," ती म्हणाली. "दीड-दीडशे पोरांस्नी शिकीवलंय. तुजी वळ मी चुकू देईन व्हय?"

मग रोज संध्याकाळी ती नंबर आणि पर्याय वाचायची, मी गोल भरायची. "सतरा, ब. अठरा, ड. एकोनीस, सोडलं. आता पट्टी सरकीव, सोडलं तरी सरकीव." मी पट्टी सरकवायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिनं बोटाची कातडी निघाली म्हणून चिंधी बांधली, तरी गोल थांबले नाहीत. परीक्षेपर्यंत तिनं असे पंधरा संच काढले. मला येत नव्हतं ते फिजिक्स, आणि ती मला गोल भरायला शिकवत होती. मला किंचाळावंसं वाटायचं. मी एकदा पेन फेकलं आणि म्हटलं, "बास की आता, मला काय बालवाडीत घालणार हायस?" तिनं पेन उचलून दिलं. म्हणाली, "कट्टाळा येतोच. धा मिंटं थांबू."

मेमध्ये परीक्षा झाली. एकही गोल रेषेबाहेर गेला नाही, एकही ओळ चुकली नाही. ती केंद्राबाहेर उन्हात चार तास उभी होती. मी बाहेर आले तर तिनं पेपर कसा गेला हे विचारलंच नाही. "वळ बराबर?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "बराबर." ती तिथंच रडली, आनंदानं.

जूनमध्ये निकाल लागला, तीनशे एकोणीस. मावसबहिणीचा पुढं आयुर्वेदला नंबर लागला, तिच्या खऱ्या मार्कांवर. आम्ही विश्रामबागेतली खोली सोडली. घरमालकिणीनं आईची ओटी भरली आणि माझ्याकडे बघून हळहळली.

गावात आईच्या जागी नवी सेविका रुजू झाली होती, वरच्या आळीतली एक सून. आई पहिल्या आठवड्यात दोनदा अंगणवाडीत जाऊन आली, सहज म्हणून. पोरांनी 'बाई, बाई' करून गिल्ला केला. ती सून मनानं चांगली, पण तिला अवघडल्यासारखं झालं. म्हणाली, "आवं बाई, तुमी कशाला ताप करून घेताय, म्या हाय की." आई त्यानंतर गेली नाही. सकाळी दहा वाजले की ती घरातल्या घरात काहीतरी हलवाहलव करायची. डबे काढायची, पुसायची, ठेवायची.

आणि मला वाटलं होतं की आता सगळं संपलं. पंधरा दिवस झाले असतील. दुपारी पावसाची उघडीप होती, परड्यात आई ऊन दाखवलेली वाळवणं काढत होती, मी डबे धरत होते. ती एकदम उत्साहानं बोलायला लागली. तिचं आणि पप्पांचं बोलणं झालं होतं. अजून एक वर्ष. तीच खोली मिळत होती, घरमालकिणीला फोनही झाला होता.

"परीक्षेच्या भयानं झालं आसंल," ती म्हणाली. "सरावाला सहाशेच्या घरात जानारी पोरगी तू. आन आता तर मला कायबी अडचन न्हाई. रजेची भानगड न्हाई, मॅडमचा फोन न्हाई. मोकळीच हाय मी."

ते 'मोकळीच हाय' ती इतक्या आनंदानं म्हणाली, की मी हातातला डबा खाली ठेवला. मी खाली बसले आणि सांगून टाकलं. साताऱ्याचा शनिवार, सांगलीचा रविवार, मोबाईलवरचे पेपर, पाठ केलेल्या चुका, न चुकलेली ओळ. सगळं. न थांबता. मला वाटलं होतं ती मारेल. मी तर वाट बघत होते.

तिनं डब्याचं झाकण लावलं. मग विचारलं, "कवापास्नं?"

"दिवाळीपासून."

ती मनाशी महिने मोजत होती. ओठ हलत होते. दिवाळी, मग डिसेंबर, मग जानेवारी. तिथं येऊन थांबली.

"म्हंजी मी कागद लिवायच्या आदीपास्नं."

"व्हय."

"मी तुला इचारलं हुतं," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "बाळा, मी इचारलं हुतं तुला."

एवढंच बोलली. वाळवणांचं कापड झटकलं, घडी घातली आणि आत गेली. त्या विषयावर आजवर आमच्यात दुसरा शब्द झालेला नाही.

संध्याकाळी पप्पा आल्यावर सांगलीचा विषय निघाला, तेव्हा ती म्हणाली, मी जानार न्हाई. मला तिकडचं पानी मानवत न्हाई, त्या खोलीत जीव गुदमरतो, आता माज्यानं व्हायचं न्हाई. पप्पा चकित झाले. समजावलं, चिडले, दोन दिवस जेवले नाहीत. ती हलली नाही. माझं नाव तिनं काढलं नाही.

मी नंतर लॅबचा कोर्स केला. कराडला एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते, काम वाईट नाही. शनिवारी संध्याकाळी घरी येते. पप्पा आता निवृत्तीला आलेत, कुणी पाहुणा आला, कुठल्या लग्नात ओळखीचं भेटलं, की माझा विषय निघतोच. मग ते सांगतात, "पोरगी लय हुशार हो. सरावाला सहाशेपातुर जात हुती. एक वरीस आजून काडलं आसतं तर आज डाक्टर आसती. पर आमच्या हिनंच धीर सोडला. आईच मागं सरल्यावर पोरगी काय करनार?"

पाहुणे आईकडे बघतात. ती म्हणते, "व्हय, माजंच चुकलं." मग चहा ठेवायला उठते. मी तिथंच बसलेली असते, आणि अजून एकदाही काही बोललेली नाही.